कागलचा मसाला निपाणीला पाठवताना

वाचकाचं पत्र: माझं सासर कागल, माहेर निपाणी. घरी कांदा-लसूण मसाला, काळा मसाला आणि उडदाचे व नाचणीचे पापड करते. दोन वर्षं व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरून ऑर्डरी घेते. महिन्याला सरासरी ८५ हजारांची विक्री होते, त्यात पापड १५ हजारांचे. मदतीला दोन बायका येतात. आजवर सगळा माल कोल्हापूर, सांगली आणि पुण्यालाच गेला. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच निपाणीला आणि बेळगावला मिळून चार पार्सलं पाठवली. आता स्वतःची वेबसाइट काढायची आहे. एक जण म्हणतो ४० लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही, दुसरा म्हणतो पहिल्या रुपयापासून लागतो. एका एजंटने ‘सगळी लायसन्सं’ काढून द्यायचे १८ हजार मागितलेत. नेमकं काय लागतं, आणि आधी काय करायचं?

उत्तर:

ताई, तुम्हाला सांगणारे दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. तुम्हाला मात्र दुसऱ्याचं ऐकायला लागणार, आणि त्याचं कारण तुमची विक्री नसून तुमची कर्नाटकात गेलेली ती चार पार्सलं आहेत. (पुढचे सगळे दर आणि नियम डिसेंबर २०२५ मध्ये लागू असलेले.)

महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही, हे खरं. वस्तूंबरोबर सेवाही देत असाल, म्हणजे उद्या पैसे घेऊन मसाल्याचे वर्ग सुरू केलेत, तर हीच मर्यादा २० लाखांवर येते. तुमची उलाढाल वर्षाला १० लाख २० हजार, म्हणजे मर्यादेपासून तुम्ही लांब आहात. पण ही सवलत राज्याच्या आत विकणाऱ्यासाठी आहे. करपात्र वस्तू राज्याबाहेर पाठवली, की केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २४ प्रमाणे उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. पाचशे रुपयांचं एक पार्सलही त्याला पुरतं. काही हस्तकला वस्तूंना यातून सूट आहे, मसाल्याला नाही.

कागलच्या माणसाला हे पटणं कठीण जातं, ते आम्ही समजू शकतो. निपाणी हाकेच्या अंतरावर आणि मुंबई रात्रभराच्या प्रवासावर, तरी मुंबईचं पार्सल राज्यातलं आणि निपाणीचं आंतरराज्य. यात आणखी एक खोच आहे. पैसे कोणी भरले याला महत्त्व नाही, माल कुठे पोचला याला आहे. पुण्यातल्या मुलाने पैसे भरून बेळगावच्या आईला मसाला पाठवायला सांगितला, तर तो पुरवठा बेळगावचा. बिलाचा पत्ता आणि पोचवायचा पत्ता वेगळे असतील, तर बिलावर पोचवायचा पत्ता नोंदवून तेच पुरवठ्याचं ठिकाण धरायचं, असं केंद्राच्या जून २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं आहे. तेव्हा वेबसाइटवर ऑर्डर घेताना राज्याची निवड पोचवायच्या पत्त्यावरून होते आहे का, हे वेबसाइट करणाऱ्याकडून बघून घ्या. तयार सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळदा बिलाच्या पत्त्यावरून कर लावला जातो आणि मग विवरणपत्रात राज्य-जीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचा) आणि एकात्मिक जीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा) यांची अदलाबदल होते.

पापडाची गोष्ट वेगळी. पापडावर जीएसटी शून्य आहे. नुसते पापडच विकले असते, तर भारतभर पाठवूनही नोंदणी लागली नसती. मसाल्याचं एक पाकीट बरोबर गेलं की ती मोकळीक संपते. आणि करमुक्त असले तरी पापडाचे पैसे एकूण उलाढालीत मोजले जातात, हे ४० लाखांचा हिशेब करणारे बहुतेक जण विसरतात.

आता त्या चार पार्सलांचं. ती गेल्या आठवड्यात गेली, हे तुमच्या फायद्याचं आहे. नोंदणीची जबाबदारी ज्या दिवशी आली, त्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत अर्ज केला, तर नोंदणी त्याच दिवसापासून लागू होते. म्हणजे पहिलं पार्सल ज्या तारखेला निघालं ती तारीख अर्जात ‘जबाबदारी सुरू झाल्याची तारीख’ म्हणून लिहायची आणि कारण ‘आंतरराज्य पुरवठा’ हे निवडायचं. नोंदणी हातात आल्यावर एका महिन्याच्या आत त्या मधल्या काळातल्या विक्रीची सुधारित बिलं काढता येतात. शिवाय जबाबदारी येण्याच्या आदल्या दिवशी घरात असलेल्या मिरची-मसाल्याच्या आणि पाकिटांच्या साठ्यावर दिलेला कर, बिलं असतील तर, आयटीसी-०१ हा फॉर्म ३० दिवसांत भरून वळता करून घेता येतो. हे ३० दिवस हुकले तर नोंदणी मंजुरीच्या तारखेपासून मिळते, मधल्या विक्रीचा कर वार्षिक १८ टक्के व्याजासह खिशातून जातो आणि साठ्यावरचं क्रेडिटही (खरेदीवर दिलेल्या कराची ही वळती) जातं. नोंदणीच केली नाही, तर दंड १० हजार रुपये किंवा चुकवलेला कर, यातलं जे जास्त असेल ते. तेव्हा नोंदणी हातात येईपर्यंत कर्नाटक-गोव्याकडच्या नव्या ऑर्डरी थांबवा. आठ-पंधरा दिवस थांबायला गिऱ्हाईक तयार होतं, नीट सांगितलं तर.

‘जीएसटी घेतला की धंदा तोट्यात’ ही भीती तुमच्या आकड्यांवर तपासून बघू. तुमची मसाल्याची विक्री महिन्याला ७० हजार. मसाल्यावर दर ५ टक्के. या ७० हजारांतच कर धरला, तर मूळ किंमत ६६,६६७ आणि कर ३,३३३. आता खरेदीकडे बघा. समजा महिन्याला २५ हजारांची मिरची, खोबरं, धणे नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतले, तर त्यावर ५ टक्क्यांनी १,२५०. कुरिअरचे १२ हजार, त्यावर १८ टक्क्यांनी २,१६०. प्लास्टिकची पाकिटं ५ हजारांची, त्यावर १८ टक्क्यांनी ९००. एकूण ४,३१० रुपये कर तुम्ही आजही देताच आहात, फक्त तो परत मिळत नाही. नोंदणीनंतर यातला पापडाच्या वाट्याचा भाग सोडून द्यावा लागतो. कुरिअर आणि पाकिटं दोन्हीला लागतात, म्हणून ३,०६० पैकी सुमारे १८.४ टक्के (कर वगळून ८१,६६७ च्या विक्रीत पापडाचे १५ हजार), म्हणजे ५६२ रुपये. उरलं ३,७४८ चं क्रेडिट, आणि भरायचा कर ३,३३३. म्हणजे त्या महिन्यात रोख भरायचं काहीच नाही, उलट ४१५ रुपये पुढे ओढले जातात. तुमचे खरे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण चित्र असंच राहील, कारण विक्रीवर ५ टक्के आणि खर्चावर १८ टक्के असा हा धंदा आहे. मात्र अट एकच: बिल तुमच्या जीएसटी क्रमांकासह हवं. संकेश्वरी मिरची थेट शेतकऱ्याकडून घेतलीत तर तिथे कर नाही आणि क्रेडिटही नाही. कुरिअरवाल्याला पहिल्याच दिवशी क्रमांक देऊन खातं ‘व्यवसाय’ म्हणून बदलून घ्या, सुटी पावती क्रेडिटसाठी चालत नाही.

कंपोझिशन योजना तुम्हाला कोणी सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा. उत्पादकाला तिच्यात एकूण उलाढालीच्या १ टक्का, म्हणजे तुमचे महिन्याला ८५० रुपये खिशातून भरायचे, गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही, खरेदीवरचं क्रेडिट नाही, आणि मुख्य म्हणजे राज्याबाहेर माल पाठवायलाच बंदी. ज्याला सीमेपलीकडे माल पाठवायचा आहे, त्याने या वाटेला जाऊच नये.

अर्ज जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर, फॉर्म आरईजी-०१. सरकारी फी शून्य. पहिल्या भागात पॅन, मोबाइल आणि ईमेल टाकला की तात्पुरता संदर्भ क्रमांक मिळतो. तो १५ दिवसच चालतो, म्हणून कागद गोळा करून मगच सुरुवात करा. लागतं ते इतकंच: पॅन, आधार, फोटो आणि जागेचा पुरावा. अडतं ते बहुधा या जागेच्या पुराव्यावर. लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर असेल, तर त्यांचं साध्या कागदावरचं संमतीपत्र, त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि लाइट बिल किंवा घरफाळ्याची पावती, असं तिन्ही जोडायचं. बिलावरचा पत्ता, आधारवरचा पत्ता आणि अर्जातला पत्ता यांत ‘गल्ली’ आणि ‘पेठ’ असा फरक असला, तरी शंका काढली जाते. अधिकाऱ्याने शंका काढली की आरईजी-०३ ची नोटीस येते आणि उत्तर सात कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. ही नोटीस ईमेलवर येते. अर्जात एजंटने स्वतःचा ईमेल आणि मोबाइल टाकलेला असतो, नोटीस त्याच्याकडे पडून राहते आणि अर्ज फेटाळला जातो, हा प्रकार आमच्या वाचकांच्या पत्रांत सर्वांत जास्त दिसतो. अर्ज कुणाकडूनही भरून घ्या, पण मोबाइल आणि ईमेल तुमचाच हवा.

१ नोव्हेंबर २०२५ पासून छोट्या व्यापाऱ्यांसाठी नियम १४अ आला आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीवरचा कर महिन्याला अडीच लाखांपेक्षा जास्त होणार नसेल, तर आधार पडताळणीनंतर तीन कामकाजाच्या दिवसांत नोंदणी मिळते. तुमची विक्री थेट घरगुती गिऱ्हाइकाला, म्हणून तुम्ही यात आरामात बसता. अर्जात हा पर्याय निवडायला विसरू नका. नोंदणी मिळाल्यावर ३० दिवसांत, किंवा पहिलं जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील देणारं विवरणपत्र) भरण्याआधी, यातलं जे आधी येईल तेव्हा बँक खात्याचा तपशील भरायचा. राहिला तर नोंदणी निलंबित होते.

विवरणपत्रं तिमाही भरण्याचा पर्याय घ्या. पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला तो खुला आहे. तिमाही संपल्यावर १३ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि महाराष्ट्रासाठी २२ तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी (कर भरायचं विवरणपत्र). मधल्या दोन महिन्यांत कर निघत असेल, तर पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत तो चलनाने भरायचा. उन्हाळी मसाला संपला, पावसाळ्यात विक्री नाही, म्हणून विवरणपत्र भरलं नाही, असं करू नका. विक्री शून्य असली तरी शून्याचं विवरणपत्र भरायचं असतं. उशिराला शून्याच्या विवरणपत्रावर रोज २० रुपये आणि एरवी ५० रुपये लागतात. लागोपाठ दोन तिमाह्या चुकल्या की नोंदणी रद्द करण्याची कारवाई सुरू होते.

किंमत छापताना एवढं ध्यानात ठेवा की कमाल किरकोळ किंमत ही सर्व करांसहित असते. पाकिटावर ४२० रुपये छापले तर त्यात ४०० मूळ आणि २० कर, ‘४२० अधिक जीएसटी’ असं चालत नाही. कुरिअरचे ६० रुपये वेगळे लावलेत, तर ते मालाच्या किमतीचाच भाग होतात आणि मसाल्याच्या पार्सलात त्यांच्यावरही ५ टक्के लागतात. आणि दिवाळीचा हॅम्पर! मसाले आणि पापड एका खोक्यात घालून ९९९ ला विकले, तर तो ‘मिश्र पुरवठा’ ठरतो आणि करमुक्त पापडालाही ५ टक्के लागतात. त्याच वस्तू बिलावर वेगवेगळ्या किमतींनी दाखवून, सुट्याही मिळतील अशा विकल्या, तर पापड करमुक्त राहतात. कांदा-लसूण मसाला ०९१० मध्ये घालायचा की २१०३ मध्ये (हे जीएसटीतले वस्तूंच्या वर्गवारीचे क्रमांक), यावर पूर्वी वाद व्हायचे, कारण दर वेगळे होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हीकडे ५ टक्के आहेत. एक क्रमांक ठरवा आणि तोच कायम वापरा.

जीएसटीवर इतकं लिहिलं, पण खरी काळजी आम्हाला दुसऱ्या गोष्टीची वाटते. पत्रात अन्न नोंदणीचा उल्लेख नाही. नसेल, तर हे पान बाजूला ठेवून आधी तो अर्ज करा. विकण्यासाठी खाद्यपदार्थ करणाऱ्याला, मग तो घरच्या स्वयंपाकघरात का होईना, २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतोच. इथे उलाढालीची शून्यापासूनची कोणतीही सूट नाही.

वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असेल तर साधी नोंदणी, फी वर्षाला १०० रुपये, एकदम पाच वर्षांची काढता येते. अर्ज अन्न प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) ‘फॉसकॉस’ या पोर्टलवर, फॉर्म अ, बरोबर फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा. साधारण सात दिवसांत निर्णय होतो. तपासणी लावली तर ३० दिवसांपर्यंत. १२ लाखांच्या वर गेलात की राज्य परवाना. दिवसाला एक टनापेक्षा कमी उत्पादन असलेल्या उत्पादकाला त्याची फी वर्षाला ३ हजार. नोंदणीला रोजच्या उत्पादनाचीही मर्यादा आहे, १०० किलो. मार्च ते मे तुम्ही दोन बायकांना घेऊन दिवसाला किती मसाला काढता, ते मोजा. वर्षाची सरासरी सांगून भागत नाही.

तुम्ही १० लाख २० हजारांवर आहात आणि वेबसाइट काढताय, म्हणजे १२ लाखांची रेघ वर्षभरात ओलांडाल असं आम्हाला वाटतं. तेव्हा आज नोंदणी घ्या आणि परवान्याची तयारी समांतर सुरू करा: जागेचा आराखडा, यंत्रांची यादी, पाण्याच्या तपासणीचा अहवाल, पदार्थांची यादी, अन्न सुरक्षा व्यवस्थापनाचा आराखडा. पण अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक छापलेली पाच हजार पाकिटं मात्र आत्ता काढू नका. नोंदणीचा क्रमांक २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने, आणि परवाना घेताना पूर्ण नवा क्रमांक मिळतो. छापलेली पाकिटं रद्दीत जातात. तोवर क्रमांकाचं स्टिकर वापरा.

मसाला बाहेरच्या कांडप गिरणीवर करून आणत असाल, तर त्या गिरणीचीही स्वतःची अन्न नोंदणी हवी. तिची प्रत घेऊन ठेवा. आणि दळलेला मसाला सुटा विकायला मनाई आहे, बंद पाकिटातच विकायचा. ओळखीच्या गिऱ्हाइकाला डब्यात मोजून देण्याची सवय इथे सोडावी लागेल.

पाकिटावर काय हवं, यात सर्वांत जास्त चुका होतात. पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि वापरण्याची अंतिम तारीख, तुमचं नाव-पत्ता, शाकाहाराची हिरवी खूण, अन्न प्राधिकरणाचं बोधचिन्ह आणि क्रमांक. घटकांत नुसतं ‘तेल’ लिहून चालत नाही, कोणतं तेल ते लिहायचं. शेंगदाणा असेल तर ॲलर्जीच्या सूचनेत शेंगदाणा यायला हवा. पोषणमूल्यांचा तक्ता मसाल्यांना माफ आहे, पण पापडांसाठी ही सूट धरून चालू नका. आणि एक गोष्ट आपल्या लोकांना खटकते, पण नियम तसा आहे: ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणं बंधनकारक आहे. मराठी जोडीला हवी तेवढी लिहा, पण फक्त मराठी लेबल अपुरं ठरतं.

वजनमापाचा विभाग वेगळा, वैधमापनशास्त्र यंत्रणा. आधीच पाकीटबंद करून विकणाऱ्याने काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत तिथे ‘पॅकर’ म्हणून नोंदणी करायची, फी ५०० रुपये. तुमचे ९० दिवस केव्हाच उलटले आहेत, तरी स्वतःहून केलेला अर्ज तपासणीत सापडण्यापेक्षा केव्हाही बरा. पाकिटावर कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, आणि एकक किंमतही हवी. ५०० ग्रॅमला ४२० असेल तर ‘०.८४ रुपये प्रति ग्रॅम’. वेबसाइटवर हाच सगळा तपशील पदार्थाच्या पानावर दिसला पाहिजे, बॅच आणि तारखा सोडून. स्वयंपाकघरातला काटा धंद्याला चालत नाही. पडताळणी करून शिक्का मारलेला इलेक्ट्रॉनिक काटा घ्या आणि दर वर्षी पुन्हा पडताळून घ्या. पाकिटाच्या वजनासकट ५०० ग्रॅम भरणं ही नकळत होणारी पण दंडाची चूक आहे.

बाकीचं झटपट. दोन माणसांच्या आस्थापनेला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी नाही, फॉर्म एफ मध्ये ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोच घ्यायची. चालू खातं उघडताना बँक हीच पोच मागते. उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅनवर दहा-पंधरा मिनिटांत होते. तिच्या नावाने पैसे मागणाऱ्या, हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साइट आहेत. पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो ना, ते बघा. व्यवसाय कराचं नावनोंदणी प्रमाणपत्र महाजीएसटीच्या पोर्टलवर, वर्षाला २,५०० रुपये. जीएसटी घेतलेल्यांपैकी पुष्कळ जण हे विसरतात आणि नंतर मागच्या वर्षांचा कर व्याजासह एकदम भरतात. तुमच्या दोघी मदतनीस बायकांचा पगार २५ हजारांच्या आत असेल, तर त्यांचा व्यवसाय कर कापावा लागत नाही.

म्हणजे सरकारी फी झाली: अन्न नोंदणी १००, वजनमाप ५००, व्यवसाय कर २,५००, जीएसटी आणि उद्यम शून्य. बेरीज ३,१००, शिवाय आस्थापना सूचनेचं नाममात्र शुल्क. एजंटच्या १८ हजारांत बाकीची त्याची मजुरी आहे. मजुरी मागणं चूक नाही, पण फी आणि मजुरी वेगळी लिहून द्यायला सांगा. विवरणपत्रं भरण्यासाठी मात्र गावातला चांगला कर सल्लागार जरूर धरा, तिथले पैसे वसूल होतात.

खात्याचं आजच बघा. मसाल्याचे पैसे, माहेरहून आलेले पैसे आणि भिशी सगळं एकाच यूपीआयवर येत असेल, तर पुढे वेगळं करून दाखवणं जड जातं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात व्यापारी कर खात्याने यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या, तेव्हा घरगुती उसनवारीही विक्रीत धरली गेल्याच्या तक्रारी होत्या. वेगळं चालू खातं, त्यालाच जोडलेला क्यूआर, एवढं पुरतं. आयकरात तुमच्यासारख्याला अनुमानित उत्पन्नाची सोय आहे: बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के इतकं उत्पन्न धरता येतं, वह्या ठेवाव्या लागत नाहीत. नफा त्याहून जास्त असेल तर तो दाखवायचा. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, ही सोय मात्र आहे.

वेबसाइटवर तुमचं कायदेशीर नाव, पत्ता, परताव्याचे नियम आणि तक्रार निवारणासाठी एका माणसाचं नाव व संपर्क द्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं. मात्र तिथे शेजारणींची लोणचीही त्यांच्या नावाने विकायला ठेवलीत, तर तुम्ही बाजारपेठ चालवणाऱ्या ठरता. मग वर्षाला ७,५०० रुपये फीचा केंद्रीय अन्न परवाना, आणि त्यांच्या विक्रीतून जीएसटीचा टीसीएस (मंचाने विक्रेत्याच्या पैशांतून आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. हे लगेच करू नका.

ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या ठिकाणी माल लावलात, तर ते करपात्र विक्रीतून ०.५ टक्के जीएसटीचा टीसीएस कापतात. तो पोर्टलवर ‘टीडीएस-टीसीएस क्रेडिट’मध्ये जाऊन स्वीकारला तरच तुमच्या रोख खात्यात येतो. पुष्कळांचे पैसे तिथेच अडकून असतात. आयकराचा ०.१ टक्का कापला जातो, पण पॅन दिलेल्या व्यक्तीची त्या मंचावरची विक्री वर्षाला पाच लाखांच्या आत असेल तर तोही नाही. त्यांच्या गोदामात माल ठेवायला सांगितलं, तर गोदाम भिवंडीचं असेल तर ते ‘अतिरिक्त जागा’ म्हणून तुमच्या नोंदणीत घालायचं. बंगळूरुचं असेल तर कर्नाटकात दुसरी जीएसटी नोंदणी लागते. शिवाय गिऱ्हाइकाच्या हातात पडताना खाद्यपदार्थाचं किमान ३० टक्के किंवा ४५ दिवसांचं आयुष्य शिल्लक असावं, असं अन्न प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या मंचांना सांगितलं आहे. सहा महिने टिकणारा मसाला साडेचार महिन्यांनंतरही गोदामात असेल, तर तो परत येण्याची तयारी ठेवा.

राहिलं नाव. पाकिटं छापायच्या आधी ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात ते नाव वर्ग ३० (मसाल्यांचा वर्ग) मध्ये बघून घ्या, शोध मोफत आहे. ‘कोल्हापुरी मसाला’ किंवा ‘कागल चटणी’ अशा नुसत्या वर्णनाच्या नावावर एकट्याचा हक्क मिळत नाही, वेगळा शब्द हवा. अर्ज टीएम-ए, व्यक्तीला ऑनलाइन फी ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. हा खर्च पहिल्या महिन्यात करायलाच हवा असं नाही, पण स्टिकरवरून छापील पाकिटांवर जाल त्याच्या आधी करा.